राखणदार वाचक : ‘डॉक्टर हू’च्या चाहत्यांची चर्चा आणि संहितेचा प्रश्न

समीक्षेच्या व्यवहारात संहिता हाताशी आहे, तिच्याकडे पुन्हा वळता येते, मतभेद झाल्यास पान उलटून पाहता येते, हे इतके गृहीत असते की त्याचा वेगळा उच्चारही होत नाही. वाचककेंद्री सिद्धांतांनीही हे गृहीतक सोडलेले नाही. याउस यांचे ‘अपेक्षा-क्षितिज’ असो की स्टॅन्ली फिश यांचा ‘अर्थनिर्णयन समुदाय’ असो, अर्थ वाचकाकडे सरकला तरी पुस्तक कपाटातच राहते. एकदाच प्रक्षेपित होणाऱ्या आणि प्रक्षेपणानंतर व्यवहारतः नाहीशा होणाऱ्या संहितेभोवती वाचकसमुदाय उभा राहिला, तर त्याच्या चर्चेचे स्वरूप काय होते? ब्रिटनमधील ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथात्मक दूरचित्रमालिकेच्या चाहत्यांचा इतिहास या प्रश्नाच्या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. लोकप्रिय संस्कृतीच्या अभ्यासाचा आपल्याकडे अजूनही थोडा संकोच वाटतो; पण येथे मुद्दा मालिकेच्या थोरवीचा नसून संहितेच्या अस्तित्वाचा आहे.

प्रथम एका शब्दाविषयी. इंग्रजीतील ‘फॅन’साठी मराठीत ‘चाहता’ रूढ आहे आणि पुढे तोच वापरला आहे, परंतु तो अपुरा आहे. त्यात आवड आहे, व्यासंग नाही. ‘रसिक’ म्हटले की नाट्यगृह डोळ्यांपुढे येते आणि ‘सहृदय’ म्हटले की अभिनवगुप्त. अभिनवगुप्तांचा सहृदय काव्याशी तन्मय होतो. त्याने कवीला जाब विचारणे अभिप्रेत नाही. ज्यांचा इतिहास आपण पाहणार आहोत ते तन्मयही होतात आणि जाबही विचारतात.

‘डॉक्टर हू’चा पहिला भाग बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, शनिवारी संध्याकाळी दाखवला. आदल्या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती; पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी पहिला भाग पुन्हा दाखवण्यात आला. असे पुनःप्रक्षेपण हा अपवादच. चुंबकफीत महाग होती आणि ती पुसून पुन्हा वापरली जात असे. कलावंतांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे जुने भाग पुन्हा दाखवण्यावर मर्यादा होत्या. परदेशी विक्रीसाठी केलेल्या चित्रपटप्रतीही हक्कांची मुदत संपली की नष्ट केल्या जात. साठच्या दशकातील २५३ भागांपैकी नव्वदहून अधिक भाग आजही चित्ररूपात उपलब्ध नाहीत. ही गत एकट्या या मालिकेची नव्हती. फ्रेड हॉयल यांनी जॉन एलियट यांच्यासह लिहिलेली ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही मालिका बीबीसीने १९६१ साली दाखवली, त्या वेळी जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये हॉयल यांच्याकडेच संशोधन करीत होते. मराठी विज्ञानकथेच्या इतिहासकाराला त्या मालिकेविषयी कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तिच्या सात भागांपैकी एकच भाग पूर्ण स्वरूपात मिळतो.

बीबीसीचे हे पुसणे १९७८ च्या सुमारास थांबले, आणि ते थांबण्यात संग्रह विभागातील अधिकाऱ्यांबरोबर एका चाहत्याच्या पाठपुराव्याचाही वाटा होता. त्याहून लक्षणीय बाब अशी, की हरवलेल्या एकूण एक भागांचा ध्वनी शिल्लक आहे. काही प्रेक्षकांनी, त्यांत शाळकरी मुलेही होती, दूरचित्रवाणी संचासमोर घरगुती टेपरेकॉर्डर ठेवून तो मुद्रित केला होता. संस्थेने जे पुसले ते श्रोत्याने राखले. १९७३ पासून ‘टार्गेट’ या प्रकाशनाने जुन्या कथांची कादंबरीरूपे काढायला सुरुवात केली; त्यांतील साठहून अधिक एकट्या टेरन्स डिक्स यांनी लिहिली. एका पिढीने पहिल्या डॉक्टरच्या कथा पाहिल्या नाहीत, वाचल्या. सत्तरच्या दशकाच्या मध्याला जेव्हा ही पिढी नव्या भागाविषयी बोलू लागली, तेव्हा तिच्यापाशी तुलनेसाठी होते ते असे : काही ध्वनिफिती, काही पुस्तके आणि स्वतःची किंवा थोरल्या भावंडांची आठवण.

या पार्श्वभूमीवर ‘द डेडली असॅसिन’ ही रॉबर्ट होम्स यांची चार भागांची कथा पाहावी. ३० ऑक्टोबर ते २० नोव्हेंबर १९७६ या काळात ती दाखवली गेली आणि सुमारे १ कोटी २० लाख लोक ती पाहत होते. डॉक्टरचे स्वजन, म्हणजे कालाधिपती, १९६९ च्या ‘द वॉर गेम्स’मध्ये प्रथम दिसले होते : दूरस्थ, जवळजवळ दैवी, इच्छामात्रे दंड देणारे. होम्स यांनी त्यांना जमिनीवर आणले. त्यांचे कालाधिपती वृद्ध आहेत, आत्मसंतुष्ट आहेत, कटकारस्थाने करतात आणि गैरसोयीचे सत्य सोयीस्कर करून नोंदवतात. कालाधिपतीला बाराच वेळा देह पालटता येतो, असा एक नियमही या कथेत जाता जाता येतो.

‘डॉक्टर हू ॲप्रिसिएशन सोसायटी’ ही चाहत्यांची संघटना त्याच वर्षी स्थापन झाली होती. तिच्या अध्यक्षांनी ‘टार्डिस’ या चाहत्यांच्या पत्रिकेत या कथेवर कडाडून टीका केली. टीकेचा गाभा असा, की ही कथा आधी प्रस्थापित झालेल्या तपशिलांशी जुळत नाही, कालाधिपतींचे गूढ तिने घालवले आणि मालिकेची मोहिनी हरवली. आज हा लेख वाचणाऱ्याला तो बहुधा हास्यास्पद वाटेल, कारण ही कथा पुढे मालिकेच्या सर्वोत्कृष्ट कथांत गणली गेली. पण हसण्यापूर्वी त्याची तर्कपद्धती समजून घेणे आवश्यक आहे. ‘हे आवडले नाही’ एवढेच टीकाकार म्हणत नाही. ‘हे पूर्वीच्या संहितेशी विसंगत आहे’ असे तो म्हणतो. आणि ती पूर्वीची संहिता कोणालाही दाखवता येत नव्हती. ‘द वॉर गेम्स’ सात वर्षांपूर्वी पाहिलेल्यांच्या स्मृतीत होते. तेव्हा आधारवाक्य स्मृतीचे आणि प्रामाण्य ज्याची स्मृती सविस्तर त्याचे. श्रुतिपरंपरेत पाठांतर करणाऱ्याला जे स्थान असते, ते या छोट्या वर्तुळात यादी करणाऱ्याला मिळाले. पुढे ऐंशीच्या दशकात निर्माते जॉन नेथन-टर्नर जुन्या कथांच्या गुणगानाला ‘स्मृती फसवते’ असे उत्तर देत, तेव्हा ते नकळत या प्रामाण्यावरच बोट ठेवत होते.

याच कथेवर दुसरा आक्षेप आला तो सर्वस्वी वेगळ्या दिशेने. तिसरा भाग डॉक्टरचे डोके पाण्याखाली दाबून धरलेल्या स्थिर चित्रावर संपतो. ‘नॅशनल व्ह्यूअर्स अँड लिसनर्स असोसिएशन’च्या मेरी व्हाइटहाउस यांनी हे दृश्य मुलांच्या मनावर परिणाम करणारे आहे अशी तक्रार केली. बीबीसीचे महासंचालक सर चार्ल्स करन यांनी दिलगिरी व्यक्त केली, मूळ फितीतून ते चित्र कापले गेले, आणि निर्माते फिलिप हिंचक्लिफ यांच्या जागी पुढील मालिकेसाठी ग्रॅहम विल्यम्स आले. एकाच कथेवर दोन आक्षेप. एकाने फीत कापली गेली, दुसऱ्याने एका पत्रिकेची काही पाने भरली. जॉन टलक यांनी हेन्री जेन्किन्स यांच्यासह लिहिलेल्या १९९५ च्या ग्रंथात या चाहत्यांना ‘सत्ताहीन अभिजन’ म्हटले आहे, ते या संदर्भात नेमके आहे. अर्थ लावण्याचा अधिकार त्यांच्यापाशी भरपूर होता. निर्मितीवर त्यांची सत्ता नव्हती.

जेन्किन्स यांच्या ‘टेक्स्च्युअल पोचर्स’ (१९९२) या गाजलेल्या ग्रंथाशी मात्र हा इतिहास सहजी जुळत नाही. मिशेल द सेर्तो यांच्यापासून घेतलेले त्यांचे रूपक सर्वांना परिचित आहे : वाचक दुसऱ्याच्या रानात चोरटी शिकार करतो, हवे ते उचलून आपल्या अर्थांसाठी वापरतो. ‘स्टार ट्रेक’भोवती कथा लिहिणाऱ्या अमेरिकन स्त्रियांना हे रूपक चांगले लागू पडते, कॅमिल बेकन-स्मिथ यांचा त्याच वर्षीचा अभ्यासही त्याला पुष्टी देतो. परंतु १९७७ च्या ‘टार्डिस’मधला टीकाकार शिकारी नाही. तो रानाचा राखणदार आहे. आणि गंमत अशी की मालकच कुंपण तोडून आत शिरल्याची त्याची तक्रार आहे. बार्थ यांनी लेखकाचे मरण घोषित केले ते वाचकाच्या मुक्तीसाठी. येथे वाचक लेखकाला बाजूला सारतो तो संहितेला बांधून ठेवण्यासाठी. वाचकाची सत्ता म्हणजे आपोआप बंडखोरी, हे समीकरण नव्वदीच्या सांस्कृतिक अभ्यासांनी जरा घाईने मांडले, असे माझे मत आहे.

पुढचा इतिहास या राखणदारांच्याच हाती रान गेल्याचा आहे. डिसेंबर १९८६ मध्ये बीबीसीच्या ‘ओपन एअर’ कार्यक्रमात लिव्हरपूलच्या काही चाहत्यांनी नुकत्याच संपलेल्या ‘द ट्रायल ऑफ अ टाइम लॉर्ड’ या कथेविषयी लेखक पिप आणि जेन बेकर यांना तोंडावर सुनावले. त्यांत सोळा वर्षांचा ख्रिस चिबनल होता. कथा सरधोपट आणि ठोकळेबाज आहे हा त्याचा आक्षेप. ६ डिसेंबर १९८९ रोजी मालिकेचा अखेरचा भाग झाला आणि १९९१ पासून ‘व्हर्जिन’ प्रकाशनाच्या कादंबऱ्यांनी तिची जागा घेतली. पॉल कॉर्नेल यांच्यासारखे चाहत्यांच्या पत्रिकांतून पुढे आलेले लेखक तेथे लिहू लागले, रसेल टी. डेव्हिस यांनीही १९९६ साली त्या मालेत एक कादंबरी लिहिली. २६ मार्च २००५ रोजी मालिका पुन्हा सुरू झाली ती याच डेव्हिस यांच्या नेतृत्वाखाली. त्यांच्यानंतर स्टीव्हन मॉफट, त्यांच्यानंतर चिबनल : तिघेही आधीचे चाहते.

‘द डेडली असॅसिन’चे मूल्यमापन या काळात पूर्ण पालटले. ध्वनिचित्रफितींच्या प्रसारामुळे कथा पुन्हा पाहता येऊ लागली, हे त्याचे एक कारण. पण केवळ तेवढेच नाही. १९७६ साली जी कथा परंपरेचा भंग होती ती दरम्यान स्वतःच परंपरा बनली होती. होम्स यांनी जाता जाता घातलेला बारा देहांतरांचा नियम २०१३ च्या ‘द टाइम ऑफ द डॉक्टर’मध्ये कथानकाचा कणा झाला. १ मार्च २०२० रोजी प्रक्षेपित झालेल्या ‘द टाइमलेस चिल्ड्रन’मध्ये चिबनल यांनी डॉक्टरच्या मागे विस्मृतीत गेलेली अनेक आयुष्ये आहेत असे दाखवले, तेव्हा आक्षेप उठला तो त्याच भाषेत : प्रस्थापित तपशिलांशी विसंगती, गूढाचा नाश. चिबनल यांच्या बाजूने पुरावा दिला जातो तो जानेवारी १९७६ मधील ‘द ब्रेन ऑफ मॉर्बियस’चा. त्यातील मनोद्वंद्वात डॉक्टरच्या चेहऱ्यामागे आणखी आठ अनोळखी चेहरे दिसतात. ते निर्मितीतील मंडळींचेच होते. त्यांत हिंचक्लिफ होते आणि होम्सही. ज्या होम्स यांच्यावर परंपरा मोडल्याचा ठपका आला, त्यांचा नियम एका पक्षाचा आधार ठरला आणि त्यांचा चेहरा दुसऱ्या पक्षाचा.

या सगळ्या इतिहासाची साधने कोणती, हेही नोंदवले पाहिजे. ती आहेत मोजक्या प्रतींच्या पत्रिका, संमेलनांची पत्रके आणि ज्यांनी पुढे व्यावसायिक लेखन केले त्यांच्या आठवणी. ही साधने मुख्यतः संघटित आणि बहुसंख्येने पुरुष असलेल्या तरुण चाहत्यांची आहेत. १९७६ च्या त्या नोव्हेंबरमध्ये कथा पाहणाऱ्या १ कोटी २० लाखांपैकी बहुतेकांनी तिच्याविषयी बोलणे केले ते सोमवारी शाळेच्या मैदानावर किंवा जेवणाच्या टेबलाशी. पाण्याखालच्या डॉक्टरचे पुढे काय होणार यावर त्या आठवड्यात जे तर्क लढवले गेले असतील, त्यांना ‘द वॉर गेम्स’ माहीत असण्याची गरज नव्हती. संचासमोर ठेवलेल्या टेपरेकॉर्डरने मालिकेचा आवाज राखला. तो संपल्यावर खोलीत जे बोलले गेले, ते टिपण्याआधी बहुतेकांनी कळ दाबून फीत थांबवली होती.