इमारतीला नाव आहे, हातांना नाही

मोटार कारखाने उभे राहतानाचे जुने फोटो आपण ‘प्रगती’ म्हणून पाहतो आणि पुढे जातो. जरा थांबा. डेट्रॉईटला लागून असलेल्या फोर्डच्या हायलँड पार्क कारखान्याचे घ्या. तो १९१० मध्ये सुरू झाला. वास्तुविशारद अल्बर्ट कान. सळई आणि काँक्रीटचा सांगाडा, त्यामुळे भिंतींवर भार नाही आणि खिडक्या प्रचंड. उजेडाचं कौतुक झालं, ते खरंही होतं. पण ज्यांनी सेंट्रिंग ठोकलं, सळ्या बांधल्या, त्यांचं काय? फोटोखाली बहुधा इमारतीचं नाव असतं, कंपनीचं असतं. ही माणसं फक्त इमारत केवढी मोठी आहे हे कळावं म्हणून उभी.

कुणी म्हणेल, तेव्हा कामगारांची नोंद ठेवायची पद्धत नव्हती. साफ खोटं! १९१४ मध्ये फोर्डने रोज पाच डॉलर जाहीर केले. त्यातला निम्म्याहून जास्त भाग ‘नफ्यातला वाटा’, आणि तो मिळण्याआधी कंपनीच्या समाजशास्त्र विभागाचे (होय, माझाच विषय!) तपासनीस घरी येत. दारू, बचत, स्वच्छता, सगळं लिहून घेत. म्हणजे ताबा ठेवायला नोंद होती, श्रेय द्यायला नव्हती.

पुढे रिव्हर रूज कारखान्यात काळे कामगार मोठ्या संख्येने घेतले. बहुतेकांना टाकलं फाउंड्रीत, आगीजवळ. श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी, हे बाबासाहेबांचं जातीबद्दलचं निदान इथे आठवतंच. १९२७ मध्ये चार्ल्स शीलरने कंपनीच्या जाहिरातीसाठी त्याच रूजचे गाजलेले फोटो काढले. त्यांत माणूस जवळजवळ नाहीच.