खुंटी, दोरी आणि घुमट

नृसिंहवाडीच्या दत्तमंदिराला शिखर नाही. विजापूरच्या आदिलशहाने ते बांधून दिले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. मंदिराच्या आणि मशिदीच्या रेषा इतक्या जवळ कशा येतात, हा प्रश्न मला त्या कथेतून पडतो. उत्तर भूमितीत आहे.

याच शिरोळ तालुक्यात खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर आहे, शिलाहारांच्या काळातले. त्याच्या स्वर्गमंडपाचे छत मध्यभागी गोल उघडे असून त्याभोवती १२ खांबांचे वर्तुळ आहे. वर्तुळाचे १२ भाग करायला कोनमापक लागत नाही. त्रिज्येएवढी दोरी ताणून परिघावर खुणा करत गेले की ती बरोबर ६ वेळा बसते. प्रत्येक भाग निम्मा केला की झाले १२.

विजापूरच्या गोलघुमटात, म्हणजे १६५६ मध्ये वारलेल्या मुहम्मद आदिलशहाच्या मकबऱ्यात, पेच वेगळा होता. चौरस दालनावर गोल घुमट बसवायचा कसा? कारागिरांनी एका चौरसावर दुसरा ४५ अंशांनी फिरवला. त्या आठ बाजूंवर आठ कमानी एकमेकींना छेदत गेल्या, मधे अष्टकोन उरला आणि त्यावर वर्तुळ बसले. हीच आठ टोकांची चांदणी इस्लामी नक्षीत जाळ्यांवर, फरशांवर दिसते.

वर्गात कुणी विचारले, "सर, ही नक्षी मुसलमानांची की हिंदूंची?" तर मी त्याच्या हाती दोरी देतो. त्रिज्या कुणीही धरली तरी ६ वेळाच बसते. राजांच्या लढाया आपण शिकवतोच. त्यांच्या गवंड्यांची भूमिती एकच होती, हेही शिकवायला हवे.