उपरी, मिरासदार व नागरिक
जरीपटक्यातील एका साक्षीच्या निमित्ताने

मराठी कागदपत्रांच्या अभ्यासकांस ‘उपरी’ व ‘मिरासदार’ हे दोन शब्द नवे नाहीत. परक्या गावाहून आलेला उपरी हा त्या गावचा मिरासदार कोणत्या रीतीने होत असे, हा प्रश्न मात्र स्वतंत्रपणे फारसा चर्चिला गेलेला दिसत नाही. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा विचार करण्याचे योजिले आहे. परंतु त्यास निमित्त घडले ते दप्तरातील एखाद्या कागदाचे नव्हे. नागपुरातील जरीपटका भागात राहणारे, सिंधमधून आलेले एक गृहस्थ भारताच्या नागरिकत्वासाठी अर्ज करीत होते. त्यांच्या वर्तनाबद्दल प्रतिज्ञालेख करून देण्यास दोन भारतीय नागरिक हवे होते. त्यांच्या मुलांस आम्ही काही वर्षे संस्कृत शिकविले असल्यामुळे ते आमच्याकडे आले. जन्मभर इतरांच्या साक्षी वाचणाऱ्या आम्हांवर स्वतः साक्षी होण्याचा प्रसंग प्रथमच आला, आणि त्या प्रसंगाने जुन्या महजरांकडे पाहण्याची आमची दृष्टी पालटली.

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘नागरिक’ हा शब्द जुना असला तरी त्याचा आजचा अर्थ जुना नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नागरिक म्हणजे नगराचा अधिकारी. कामसूत्रात नागरक म्हणजे नगरात राहणारा रसिक गृहस्थ. राज्याशी हक्काने व निष्ठेने बांधलेला मनुष्य हा अर्थ अलीकडचा. परकीयाची चौकशी मात्र प्राचीन आहे. जनपदात येणाऱ्याजाणाऱ्यांस मुद्रा देणारा मुद्राध्यक्ष अर्थशास्त्रात आहे. नगरात उतरलेल्या पांथस्थाची वर्दी द्यावी असा नियमही आहे. ‘मिरास’ हा शब्द अरबी असून त्याचा मूळ अर्थ वारसा. ‘उपरी’ म्हणजे वरून, बाहेरून आलेला. एक शब्द मागे पाहतो, दुसरा वाटेकडे पाहतो. वाटेने आलेल्यास मागचे काही कसे मिळावे, हाच येथील खरा प्रश्न होय.

देशावरील गावांत या दोघांतील भेद केवळ जमिनीचा नव्हता. एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखासंबंधी १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात मिरासदार, म्हणजेच थळकरी, व उपरी यांचे वर्णन आहे. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. सारा भरीत असेपर्यंत ती त्याच्याकडून काढता येत नसे, आणि गावाच्या सभेत त्यास मान असे. उपऱ्याची लावणी कराराची; गावाच्या कारभारात त्याचा शब्द चालत नसे. तथापि ही भिंत अभेद्य नव्हती. ज्याचे कूळ नष्ट झाले अशी गतकूळ जमीन गावाकडे पडून असे. उपऱ्याने ती मागितली, ठरलेली रक्कम भरली आणि पाटील, कुळकर्णी व समस्त गावकरी राजी झाले, म्हणजे त्यास मिरासपत्र करून दिले जाई. त्या दिवसापासून तो गावचा होई.

या रीतीतील दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, निर्णय एकट्या अंमलदाराचा नसे. महजरावर पाटलाचा नांगर असे, तशीच न्हाव्याच्या आरशाची व परिटाच्या मोगरीचीही निशाणी असे. ज्यांच्या शेजारी तो मनुष्य राहणार, त्यांनीच त्यास आपला म्हणावयाचे. दुसरी अशी की, एकदा दिलेले मिरासपत्र लेकरांचे लेकरी चालावे, त्यास कोणी हरकत करू नये, असा त्याचा भाव असे. ही व्यवस्था निर्दोष होती असे आम्ही म्हणत नाही. ज्यांची निशाणी महजरावर चाले, त्यांपैकी कित्येकांस त्याच गावात पाणवठ्यावर समान हक्क नव्हता. साक्षीचा अधिकार आणि समतेचा अधिकार एक नव्हेत, हे विसरून चालणार नाही.

आता आमच्या शहराकडे वळू. नागपूर हे उपऱ्यांचे शहर आहे, असे म्हटल्यास ते कोणास लागू नये. देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद याने अठराव्या शतकाच्या आरंभी ते वसविले. पुढे रघूजी भोसल्यांबरोबर देशावरील मराठे, ब्राह्मण व कारकून येथे आले. १८६१ साली मध्यप्रांताची राजधानी झाल्यावर नाना प्रांतांचे लोक नोकरीस्तव आले. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले व जरीपटका, खामला या भागांत स्थिरावले. ज्या जरीपटक्याने भोसल्यांचे निशाण आठवावे, त्याच नावाच्या वस्तीत सिंधूकाठचे लोक नांदू लागले, हा या भूमीचा धर्मच म्हणावा लागेल.

त्या लोकांपैकी १९ जुलै १९४८ पूर्वी आलेल्यांचा प्रश्न संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदाने सोडविला. अटींत बसणारे ते आपोआप नागरिक ठरले. त्यानंतर आलेल्यांस अर्ज करून नोंदणी करावी लागली. पुढे १९५५ चा नागरिकत्व कायदा आला. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात देशीकरणाच्या अटी दिल्या आहेत: ठराविक वर्षांचा रहिवास, चांगले वर्तन, आणि आठव्या अनुसूचीतील एखाद्या भाषेचे पुरेसे ज्ञान. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथील सहा अल्पसंख्य समाजांच्या अर्जांसंबंधी काही जिल्हाधिकाऱ्यांस २०१६ साली अधिकार देण्यात आले. त्यांत नागपूरचे होते. २०१९ च्या दुरुस्तीने व २०२४ च्या नियमांनी ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या त्याच समाजांसाठी रहिवासाची मुदत कमी केली व निराळी वाट काढली. त्या यादीत मुसलमान नाहीत, यावरून मोठा वाद झाला आहे. यादीने माणूस ओळखावा काय, या प्रश्नाकडे आम्ही पुढे येऊ.

आमचे शेजारी सक्कर जिल्ह्यातील. ठरल्या दिवशी आम्ही त्यांच्याबरोबर कचेरीत गेलो. त्यांच्या पिशवीत मुदत उलटलेले पारपत्र, रहिवासाचे परवाने, वीजबिले, मुलांचे शाळेचे दाखले आणि वडिलांच्या नावाचा एक जीर्ण कागद इतके साहित्य होते. अधिकाऱ्याचे प्रश्न साधे होते. नाव काय, वडिलांचे नाव काय, कोणत्या वाटेने आलात, केव्हापासून येथे आहात, उदरनिर्वाह कशाने करता. जन्मतारखेपाशी गृहस्थ अडखळले. पारपत्रावर एक होती, आईने सांगितलेली दुसरी. “साहेब, आमच्याकडे पावसावरून धरतात,” असे ते म्हणाले. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी पारपत्रावरील तारीख लिहून घेतली. जुन्या कैफियतींत वयाच्या जागी ‘अजमासे’ लिहिलेले पाहून आम्ही पूर्वी वैतागत असू. ‘अजमासे’ म्हणजे काय, ते त्या दिवशी समजले.

भाषेचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी सिंधी सांगितली. सिंधी भाषा आठव्या अनुसूचीत १९६७ साली आली. ती दुरुस्ती झाली नसती तर त्यांस स्वतःची भाषा सोडून दुसरीचा दाखला शोधावा लागता. निष्ठेच्या शपथेचा हिंदी मसुदा मात्र त्यांस बोट ठेवून वाचावा लागला, कारण त्यांचे शिक्षण अरबी वळणाच्या सिंधी लिपीत झालेले. आमच्या आजोबांचे मोडी कागद आमच्या नातवांस वाचता येत नाहीत, हे आठवून आम्ही स्वस्थ राहिलो.

मग आमची पाळी आली. “आपण यांना किती वर्षे ओळखता?” आम्ही म्हणालो, “अठरा.” “त्यापूर्वीचे काही सांगता येईल?” प्रामाणिक उत्तर एकच होते, आणि ते आम्ही दिले: “नाही. पण या अठरा वर्षांत त्यांनी कोणाचा पैसा बुडविला नाही, आणि आमच्या घरी दुखणे आले तेव्हा रात्री दोन वाजता दार त्यांनीच वाजविले.” अधिकाऱ्यांनी पहिला भाग लिहून घेतला. दुसऱ्यास रकाना नव्हता.

महजराचा सारा भार ज्या गोष्टीवर असे, तिलाच येथे रकाना नव्हता. कागद मनुष्य कोठून आला ते सांगतो. साक्षी तो कसा राहिला ते सांगतो. मिरासपत्र दुसऱ्यावर चाले, नागरिकत्व बव्हंशी पहिल्यावर चालते. राज्य गावाएवढे नसल्यामुळे तसे होणे अपरिहार्य आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु कायद्याने वर्तनाची साक्ष अजून ठेवली आहे, ती जुन्या गोतसभेचा शेष म्हणून नव्हे, तर गरज म्हणून, असे आमचे नम्र मत आहे.

केवळ मुळावर बोट ठेवल्यास काय होते, याचा एक दाखला साता समुद्रांपलीकडे घडला. सखाराम गणेश पंडित हे गृहस्थ १९०६ साली अमेरिकेत गेले. त्या काळी तेथील कायद्याने ‘गौरवर्णी’ व आफ्रिकी वंशाच्या लोकांसच नागरिक होता येत असे. सरकारी परीक्षकाचा विरोध ऐकून घेऊनही लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने १९१४ साली त्यांस नागरिकत्व दिले. पुढे ते वकील झाले, तेथेच विवाह केला. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हिंदी लोक सामान्य समजुतीप्रमाणे गौरवर्णी नव्हेत असे ठरविले, आणि सरकारने पूर्वी दिलेली नागरिकत्वे परत घेण्याचा सपाटा लावला. ‘आर्य’ हा शब्द भाषेचा आहे, त्यावरून वंश ठरत नाही, हे त्या न्यायालयाचे म्हणणे संस्कृताचा एक विद्यार्थी म्हणून आम्हांस मान्य आहे. मात्र मग वंशावरून माणसाची पात्रता तरी का ठरवावी, हा प्रश्न न्यायालयाने घेतला नाही. कायद्यात तो घ्यावयास जागाही नव्हती.

पंडितांनी आपला खटला स्वतः लढविला. नागरिकत्वाच्या भरवशावर आपण व्यवसाय केला, घर केले, स्वदेशातील हक्क सोडले. ते काढल्यास आपल्या अमेरिकन पत्नीचेही नागरिकत्व जाईल, असे त्यांनी दाखविले. १९२६ साली अपील न्यायालयाने निर्णय दिला की, सरकारने एकदा हजर राहून हाच वाद घातला व तो हरला. आता तोच वाद पुन्हा उकरता येणार नाही. १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्याचे नाकारले. ज्यांच्या बाबतीत असा आधार मिळाला नाही, त्यांचे नागरिकत्व गेले. हिंदी लोकांस तेथे पुन्हा तो मार्ग मोकळा झाला तो १९४६ साली. पंडितांस जे वाचविले, ते त्यांचे कूळ नव्हे. दिलेला निवाडा फिरवू नये, हे तत्त्व होय. आमच्या महजरांतील ‘पुन्हा हरकत करू नये’ या बोलीचा मथितार्थ याहून निराळा नाही.

असो. आमच्या शेजाऱ्यांस यथाकाल प्रमाणपत्र मिळाले. ते दाखविण्यास ते आले तेव्हा हातात पेढे होते आणि पिशवीत तोच जीर्ण कागद. “आता हा ठेवून काय करू?” असे त्यांनी विचारले. आम्ही तो पाहिला. अरबी वळणाच्या सिंधीत लिहिलेली, वडिलांच्या नावाची ती कसल्याशा देण्याची पावती होती. खाली दोन अंगठे होते. कचेरीने ती पाहिलीही नव्हती.

आम्ही त्यांस ती जपून ठेवण्यास सांगितले, आणि त्यांच्या अनुमतीने तिची नक्कल करून घेतली. संग्राहक वाचकांस आमची एवढीच विनंती आहे. जरीपटका, खामला येथील घरांत अशा पावत्या, पारपत्रे, रेल्वेची तिकिटे व छावण्यांतील शिधापत्रे अद्याप आहेत. काम झाल्यावर ती रद्दीत जातात, कारण नवा कागद मिळाला म्हणजे जुना निरुपयोगी ठरतो. तीनशे वर्षांपूर्वी उपऱ्याने मिरासपत्र मिळताच मागची चिठीचपाटी टाकून दिली असावी, आणि म्हणूनच तो कोठून आला हे आज आपणांस कळत नाही. मिरासपत्रे आपण जमविली. उपऱ्यांचे कागद जमविण्याची संधी आपल्या पिढीस, आपल्याच गल्लीत आहे. ती घालवू नये.