बाजरी दुष्काळ सोसते, पण ती पेरायची कोणाच्या जमिनीत?

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. बाजरी, ज्वारी, नागलीला 'श्रीअन्न' असे नवे नाव मिळाले. हवामान बदलले आहे, पावसाचा भरवसा उरला नाही, म्हणून दुष्काळ सोसणारी पिके घ्या, असा सल्ला आज सगळीकडून दिला जातो. सल्ला चुकीचा नाही. पण तो सातबारा नावावर असलेल्यांनाच दिलेला आहे. ज्यांच्याकडे जमीनच नाही, त्यांनी काय पेरायचे? हा प्रश्न आंबेडकरी चळवळीने विचारला नाही, तर दुसरे कोणी विचारणार नाही.

नाशिक जिल्हाच बघा. पश्चिमेला इगतपुरीत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेला येवला, नांदगाव, सिन्नर, मालेगाव हे तालुके पर्जन्यछायेत येतात आणि तिथे पाचशेच्या आसपास पाऊस झाला तरी वर्ष बरे गेले म्हणतात. या पट्ट्यात बाजरी, मटकी, हुलगा ही पिके पिढ्यान्‌पिढ्या घेतली गेली. बाजरी हलक्या, मुरमाड रानात येते, अडीच-तीन महिन्यांत कापणीला येते, मुळे खोल नेते. मध्येच पावसाने ताण दिला तर वाढ थांबवून धरते आणि पाऊस आला की नवे फुटवे काढते. २०१२ साली राहुरीच्या कृषी विद्यापीठाने 'धनशक्ती' हा लोहयुक्त बाजरीचा वाण दिला. म्हणजे बियाण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटलेला आहे.

जमिनीचा मात्र सुटला नाही. महारांना वतनापोटी हाडकी-हाडोळ्याची तुकड्या-तुकड्यांची जमीन मिळे आणि तिच्या बदल्यात रात्रंदिवस सरकारची व गावाची चाकरी. पोटाचा मुख्य आधार बलुते. आता विचार करा, दुष्काळात काय होत असेल? खळ्यावर धान्यच नाही, तर बलुते कुठून येणार? म्हणजे दुष्काळ शेतकऱ्याच्या आधी बलुतेदाराच्या चुलीपर्यंत पोचायचा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच गुलामीवर घाव घालण्यासाठी. पुढे १९५९ साली वतने खालसा झाली. चाकरी सुटली, पण जमीनही सरकारजमा झाली. ती परत हवी तर सरकारला रक्कम भरा, अशी अट होती. ज्याच्याकडे रक्कम नव्हती, त्याची हाडोळाही गेली.

पाण्याचे काय झाले, तेही बघा. गोदावरी खोऱ्यात दारणा धरण आणि नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला. दख्खनमधले असे कालवे दुष्काळापासून संरक्षण म्हणून काढले गेले. पण ज्वारी-बाजरीचा शेतकरी पावसाने दगा दिला तरच पाणी मागायचा, त्यातून सरकारला पुरेशी पाणीपट्टी मिळत नव्हती. म्हणून वर्षभर पाणी पिणाऱ्या उसाला उत्तेजन दिले गेले. दुष्काळाच्या नावाने काढलेल्या पाण्यावर पुढे साखर कारखाने उभे राहिले आणि त्या साखरेवर राजकारण. जिरायत शेतकरी कोरडाच राहिला आणि भूमिहीन ऊसतोडीला गेला.

हे ओळखणारा माणूस नाशिक जिल्ह्यातलाच होता. काळाराम मंदिर सत्याग्रहातले बाबासाहेबांचे सहकारी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ च्या डिसेंबरात भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्या भूमिहीनाला द्या, ही मागणी. देशभर लाखो माणसे तुरुंगात गेली. त्यांनी बागायत मागितली नव्हती, दुसऱ्या कोणाला नको असलेले बरड रान मागितले होते. आज ज्या रानात बाजरी-हुलगा घ्या म्हणून सांगतात, तेच ते रान!

त्या लढ्याचे पुढचे फळ म्हणजे २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. अंमलबजावणी मात्र रखडत राहिली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवायला सांगितले आणि महाराष्ट्रातही गायरान मोकळे करण्याचे आदेश निघाले. याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने दिलेल्या जमिनींचा अपवाद सांगितला आहे. नोटिसा काढणारे तेवढेच वाक्य कसे विसरतात?

काही जण म्हणतील, गायरान ही जनावरांच्या चाऱ्याची जागा आहे, ती फोडली तर पर्यावरणाची हानी होईल. मेंढपाळ आणि अल्पभूधारक यांच्यासाठी चराई हवीच, हे मान्य. पण त्याच गायरानातून प्रकल्पांना जमीन देताना ही चिंता कुठे जाते? आणि बाजरीचा कडबा जनावरेच खातात ना?

दादासाहेबांच्या नावाची सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून आहे. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद तिच्यात आहे. पण नुसती चार एकर कोरडवाहू देऊन भागत नाही. बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतजमिनींवरील निबंधात दाखवून दिले होते की शेत किती मोठे यापेक्षा त्याला भांडवल आणि अवजारांची जोड किती, हे महत्त्वाचे. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर त्यांनी शेती राष्ट्राच्या मालकीची करून, जातिभेद न करता ती गावकऱ्यांच्या गटांना कसायला द्यावी आणि भांडवल सरकारने पुरवावे, असे मांडले.

तेव्हा तरुणांनो, आपल्या तालुक्यात काम सुरू करा. १९९१ च्या निर्णयाखालचे किती दावे प्रलंबित आहेत, याची माहिती माहितीच्या अधिकारात मागा. गायरान कसणाऱ्यांचे दंडाच्या पावत्या, पंचनामे, पीक पाहणीच्या नोंदी असे पुरावे गोळा करा. सबळीकरण योजनेतून किती जमीन मिळाली, ती पिकते का, तिला शेततळे आहे का, हे गावोगाव तपासा. रेशनवर गहू-तांदळाबरोबर स्थानिक बाजरी घ्या आणि ती या कोरडवाहू शेतकऱ्यांकडून हमीभावाने खरेदी करा, ही मागणी लावून धरा.

१३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ते येवले याच कोरड्या पट्ट्यातले. तिथे दरवर्षी अभिवादनाला जाताना आजूबाजूच्या रानाचा सातबारा कोणाच्या नावावर आहे, तेही विचारा.

जय भीम!