छावणीतून परतलेल्यांना खबरबात

सोमनाथच्या छावणीत जे सोबत होते, त्यांना मी दरवर्षी धान कापून झालं की एक पत्र लिहितो. कोण रिटायर झालं, कुणाची मुलगी उजवली, कोण गेलं, तलावात पाणी किती, असा मजकूर. यंदा पुण्याच्या मित्राच्या नातवाने विचारलं, ‘मास्तर आजोबा, परगावी जाऊन फुकट माती उपसायचं हे खूळ आपल्याकडे आणलं कुणी?’ पोराचा प्रश्न रास्त आहे. म्हणून यंदा लग्नं-बारशी बाजूला.

खूळ तसं स्वित्झर्लंडचं. पिअर सेरेसोल नावाचा इंजिनिअर होता. पहिल्या महायुद्धात बेचिराख झालेल्या व्हर्दूनजवळच्या एका फ्रेंच गावात १९२० साली त्याने मूठभर माणसं जमवली आणि पडकी घरं उभारायला घेतली. त्या मुठीत जर्मनही होते. कालपर्यंत तोफा डागणाऱ्या मुलखातला माणूस आपल्या दारात घमेलं उचलतोय, हे तिथल्या लोकांच्या पचनी पडलं नाही आणि काही महिन्यांतच मुक्काम हलवावा लागला. पण त्यातूनच ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना उभी राहिली. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल स्वतः इकडे आला. डॉ. राजेंद्रप्रसादांचं मदतकार्य चालू होतंच. त्याला जोडून घेऊन तो उद्ध्वस्त गावं वसवायच्या कामाला लागला.

आपल्या विदर्भात ही मंडळी पोचली ती वरोऱ्याला. तिथल्या बाबा आमट्यांच्या आनंदवनाची सुरुवात सगळ्यांना पाठ आहे: १९५१, पन्नास एकर खडकाळ जमीन, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा, खिशात चौदा रुपये. त्यानंतर दोन-तीन वर्षांत या संघटनेचे तरुण तिथे येऊन राहिले आणि दवाखान्याच्या इमारती बांधून गेले. मला त्या भिंतींपेक्षा भाजीची गोष्ट मोठी वाटते. आनंदवनात भाजीपाला भरपूर पिके, पण वरोऱ्याच्या बाजारात महारोग्याच्या हातची वांगी घेणार कोण? परदेशची पोरं तीच भाजी खातात, तिथेच पंगतीला बसतात, हे गावाने पाहिलं आणि भीती हळूहळू ओसरली, असं सांगतात. इमारती गवंड्यानेही बांधल्या असत्या. गवंड्याला तिथे जेवायला बसवणं अवघड होतं.

बाबा आमट्यांनी त्यावरून काय हेरलं ते सोमनाथला दिसलं. मूल तालुक्यातल्या त्या रानात बऱ्या झालेल्या रोग्यांनी जंगल साफ करून धानाची शेती उभी केली. तिथे बाबांच्या मनात श्रमिक विद्यापीठ होतं, आणि साठीचं दशक संपता संपता मे महिन्यातली श्रमसंस्कार छावणी सुरू झाली. आता गोरे पाहुणे नव्हते. नागपूर-पुण्याची कॉलेजची पोरं, आणि आमच्यासारखी पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतली. मी सत्तरीच्या दशकात गेलो. गोंदियाहून नागभीडकडे जाणारी छोटी लाईन होती. अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी करत डबा असा डुलायचा की चढावर उतरून चालावं असं वाटे. नागभीडपुढे मूल मारोड्याला उतरायचं, आणि तिथून पायी.

पहाटे अंधारात उठवायचे. ऊन चढायच्या आत खोदकाम, दुपारी भाषणं, रात्री वादावादी आणि गाणी. पुण्याच्या पोरांच्या तळहाताला पहिल्याच दिवशी फोड यायचे. आम्ही फावडं जन्मापासून ओळखणारे, आम्हाला त्याचं हसू यायचं. पण आमचेही फोड निघाले, वेगळ्या जागी. ज्या माणसाच्या हाताला बोटं नाहीत तो आमच्याआधी आपला वाटा संपवून बिडी ओढत बसलेला असायचा आणि घमेलं कसं धरायचं ते आम्हाला शिकवायचा. आपण कुणाची सेवा करायला आलोय, हा ताठा तिथे दुपारपर्यंतही टिकत नसे. त्या छावण्यांतून काही जण पुढे हेमलकशाला आदिवासींमधल्या कामात गेले, काही १९८५ च्या बाबांच्या ‘भारत जोडो’ यात्रेत सायकलवर निघाले. आम्ही बहुतेक घरी परतलो.

परतल्यानंतर काय, हा प्रश्न अमेरिकनांनी मात्र आधीच कागदावर सोडवून ठेवला होता. केनेडींनी १९६१ साली पीस कोअर काढलं, त्याच्या तीन उद्दिष्टांतलं तिसरं असं की स्वयंसेवकाने मायदेशी जाऊन बाहेरच्या लोकांची ओळख आपल्या लोकांना करून द्यायची. त्याच वर्षाअखेरीस पहिली तुकडी पंजाबात आली, आणि १९७६ साली हे काम भारतात थांबलं. महाराष्ट्रातली त्यांची सगळ्यात गाजलेली बाई म्हणजे लिलियन कार्टर. १९६६ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी ही विधवा नर्स विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत आली. आधी कुटुंबनियोजनाचं काम, मग दवाखाना. एकवीस महिने राहिली. घरी धाडलेल्या पत्रांचं पुस्तक १९७७ साली निघालं, तेव्हा मुलगा जिमी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला होता. विक्रोळीची खबर जॉर्जियातल्या खेड्यापर्यंत पोचली ती तिच्यामुळे. पुढे २००६ साली जिमी कार्टर स्वतः लोणावळ्याजवळ मळवलीला आले आणि शेकडो स्वयंसेवकांबरोबर घरं बांधायला उभे राहिले. एका आईची हौस म्हणायची!

ती खबर गेली एकाच दिशेने. कोंबड्यांसाठी बांधलेल्या खुराड्याचं, खणलेल्या विहिरीचं पुढे काय झालं, हे परत गेलेल्याला कळवणारं गावात कुणी नसतं. कळवावं असं गावालाही वाटत नाही, कारण काम गावाचं झालेलं नसतं. मला हे आमच्या तलावांमुळे उमगलं.

भंडारा-गोंदियाचे तलाव कोहळी समाजाने बांधले. नवेगावबांध त्यातला थोरला. पाळ कुणी राखायची, तुडुमातून, म्हणजे तलावाच्या दारातून, पाणी कधी आणि किती सोडायचं, ते वाटणाऱ्या पाणकराला धान किती द्यायचं, सगळं ठरलेलं असे. पावसाळ्याआधी पाळीवर माती चढवायला गाव निघायचं. हे सगळं राजीखुशीचं होतं असं मी म्हणणार नाही; मालगुजाराच्या धाकाने निघणारेही त्यात होते. पण माणसं निघायची. मालगुजारी गेली, १९५१ च्या सुमारास तलाव सरकारजमा झाले, पाणीपट्टी आली. आपल्याच तलावाचे पैसे का भरायचे म्हणून शेतकरी भांडले. या भांडणात पाळीवर माती टाकायचं काम कुणाचंच उरलं नाही. गाळ साचला, बेशरम नावाची झुडपी वनस्पती माजली.

बेशरम उपटताना तुम्ही मला पाहिलं नाहीत, म्हणून सांगतो. वरून कापली तर ती दुप्पट जोमाने फुटते. तुकडा चिखलात राहिला तरी मूळ धरते. मुळासकट खणून, पाळीबाहेर नेऊन, उन्हात पार वाळवावी लागते. शहरातून आलेली शिबिरं एका रविवारी कोयत्याने कापून, फोटो काढून गेली. पुढच्या दिवाळीत बेशरम पुरुषभर!

आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात काम जमलं ते तलावांवर काम करणारे मनीष राजनकर आणि मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या बाया यांनी मिळून हात घातला तेव्हा. पाणी उतरलं की तलावाचा तळ नांगरायचा, पाऊस लागला की देवधानासारख्या देशी पाणवनस्पती परत लावायच्या, म्हणजे मासळीला खायला आणि अंडी घालायला जागा होते. कुठली वनस्पती कुठल्या माशाची, हे ढिवरांना आधीच ठाऊक होतं. त्यांना विचारायला मात्र फार उशीर झाला. मासळी त्यांची, म्हणून बेशरम पुन्हा डोकं वर काढतेय का ते पाहायला दुसऱ्या दिवशीही कुणीतरी पाळीवर असतं.

तर आमची खबर अशी. छोटी लाईन नव्वदीच्या दशकात मोठी झाली, आता डबा डुलत नाही. आमच्या तलावात यंदा मरळ बरी आहे. सोमनाथला मे महिन्यात पोरं जातात, त्यांतल्या दोघांना मीच पाठवलं. पुण्याच्या त्या नातवाला यायचं असेल तर त्याने उन्हाळ्यात यावं, रोवणीच्या दिवसांत आमच्यापैकी कुणालाच बोलायला सवड नसते. येण्याआधी ढिवर मोहल्ल्यातल्या बायांना फोन करून काम आहे का ते विचारावं. नसेल तर नुसतंच जेवायला यावं.