जन्मजात हृद्दोष : शस्त्रक्रियेनंतरचे दीर्घकालीन परिणाम (खानदेश)

गर्भात हृदयाची घडण होत असता त्याच्या पडद्यांत, झडपांत किंवा महावाहिन्यांत राहून गेलेल्या वैगुण्यास जन्मजात हृद्दोष म्हणतात. दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ८ ते ९ बालकांत तो आढळतो. खानदेशात त्याची पहिली वर्दी बहुधा आईच देते : ‘पोऱ्याले दम लागस’ हे तिचे गाऱ्हाणे, अंगावर पिताना बाळाच्या कपाळी डवरणारा घाम, आणि फॅलोचतुष्टय या चार वैगुण्ये एकत्र असलेल्या दोषात शिवाराच्या वाटेवर चार पावले चालून मध्येच उकिडवे बसणारे, ओठ निळे पडलेले मूल.

या चतुष्टयावर १९४४ साली बॉल्टिमोर येथे ब्लालॉक, टॉसिग व थॉमस यांनी फुप्फुसाकडे अधिक रक्त वळविणारी शस्त्रक्रिया सिद्ध केली आणि १९५४ साली मिनेसोटात लिलेहाय यांनी हृदय उघडून ते दुरुस्त केले. परंतु ही विद्या येथील गरिबाच्या आवाक्यात येण्यास सरकारी तजवीज व्हावी लागली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेच्या २ जुलै २०१२ रोजी सुरू झालेल्या पहिल्या टप्प्यात धुळे जिल्हा होता, जळगाव पुढल्या वर्षी आले, आणि २०१३ मध्येच पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने अंगणवाड्यांतील व शाळांतील मुलांच्या तपासणीची सोय केली.

शस्त्रक्रियेचे दूरचे फळ दोषाच्या जातीवर आणि वेळेवर अवलंबून असते. अलिंदांमधील छिद्र बालपणी बुजविल्यास आयुर्मान जवळजवळ इतरांसारखेच राहते. निलयांमधील मोठे छिद्र वेळीच बुजविल्यास सुकलेले मूल अंग धरू लागते. पण उशीर होऊन फुप्फुसातील रक्तवाहिन्या कायमच्या जाड झाल्या म्हणजे तेच छिद्र बुजविणे घातक ठरते. फॅलोचतुष्टयातून वाचलेले बहुसंख्य रुग्ण प्रौढ होतात, तरी फुप्फुसाकडे जाणाऱ्या, ठिगळ लावून रुंद केलेल्या वाटेवरील गळकी झडप उजव्या निलयास वर्षानुवर्षे निमूटपणे ताणीत राहते. पुष्कळदा विशी-तिशीत झडप बदलावी लागते, ठोके अनियमित होण्याचे भय असते. महाधमनीचा अरुंद भाग मोकळा केल्यावरही पुढे रक्तदाब वाढू शकतो. सबब वरकरणी धडधाकट दिसणाऱ्या मुलाचीही हयातभर नियतकालिक तपासणी अवश्य होय, आणि किडक्या दातांतून रक्तात शिरणारे जंतू हृदयात ठाण मांडू शकतात म्हणून दातांची निगाही.

येथेच खानदेशची खरी अडचण आहे. शस्त्रक्रिया बहुधा मुंबई-पुण्यास होते. दिवाळीनंतर ऊसतोडीस गुजरातेत गेलेल्या कुटुंबाची तपासणीची तारीख चुकते, आणि मूल खेळू लागले म्हणजे दुखणे संपले असा समज घरात दृढ होतो. मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक दुःखद आहे : सोयरीक मोडेल या धास्तीने छातीवरील व्रण झाकला जातो, शस्त्रक्रियेचा उच्चार टाळला जातो, आणि गर्भारपणी हृदयावरील भार वाढतो तेव्हा प्रसूती करणाऱ्यास त्याचा पत्ता नसतो. हे लपविणे क्रूर नसून भयापोटी आहे. तरी त्याची किंमत त्या मुलीसच मोजावी लागते. लोखंडी पेटीच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेल्या डिस्चार्ज कार्डावर दोषाचे नाव, शस्त्रक्रियेची तारीख व ठिगळाची जागा लिहिलेली असते. ते कार्ड सासरी तिच्याबरोबर गेले, तर वीस वर्षांनंतर साक्रीत किंवा चोपड्यात तिला प्रथमच पाहणाऱ्या डॉक्टरला ते वाचता येते.