गाडीचे शॉकअप गेलेत हे कसं ओळखायचं? आणि बदलताना काय पाहायचं?

वर्धा नदीकाठच्या पुलगावातली एखादी घरची एसयूव्ही एकाच दिवशी दोन अगदी वेगळ्या रस्त्यांवर धावू शकते. सकाळी शेताकडे किंवा आजूबाजूच्या गावांकडे जाणारा रस्ता. हा भाग कापसाच्या काळ्या मातीचा. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता जागोजागी खचतो, लाटांसारखा होतो. दुपारी मात्र तीच गाडी वर्धा जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर असते. तिथे कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे.

पहिला रस्ता शॉकअप झिजवतो आणि त्याची किंमत दुसऱ्या रस्त्यावर मोजावी लागते. शॉकअप एका दिवसात बंद पडत नाहीत, हळूहळू कमजोर होतात. रोज गाडी चालवणाऱ्याला त्या डुलण्याची सवय होते, त्यामुळे बिघाड लक्षातच येत नाही.

शॉकअप नेमकं काय करतो?

गाडीचं वजन शॉकअप पेलतो, असा अनेकांचा समज असतो. पण वजन पेलते ती स्प्रिंग, किंवा बोलेरोसारख्या गाडीत मागच्या बाजूचे पाटे. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग परत उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. हे उसळणं थांबवणं हे शॉकअपचं काम. त्याच्या नळीत तेल असतं. आतला पिस्टन हलला की तेलाला बारीक छिद्रांतून आणि व्हॉल्व्हमधून जावं लागतं. या अडथळ्यामुळे उसळीचा जोर कमी होतो आणि त्या ऊर्जेची उष्णता होते.

शॉकअप कमजोर झाला की चाक रस्त्यावर टेकून राहण्याऐवजी उड्या मारतं. ब्रेक कितीही चांगले असले तरी गाडी शेवटी टायर आणि रस्त्याच्या पकडीवरच थांबते. चाक हवेत असेल तर ब्रेक आणि एबीएस दोन्ही हतबल होतात. म्हणून शॉकअपचा संबंध फक्त आरामाशी नाही, सुरक्षेशी आहे.

स्ट्रट म्हणजे वेगळं काही आहे का?

हो. क्रेटा, ब्रेझा, नेक्सॉन अशा गाड्यांमध्ये पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट असतात. यात शॉकअप आणि स्प्रिंग एकाच जोडणीत बसवलेले असतात आणि स्टिअरिंग फिरवलं की ही जोडणीही चाकाबरोबर फिरते. अमेरिकी अभियंता अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाने ही रचना ओळखली जाते. या गाड्यांत मागे मात्र स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो. म्हणून मागचं काम तुलनेने सोपं, तर पुढचं वेळखाऊ आणि जास्त खर्चाचं असतं.

लक्षणं कोणती?

- गतिरोधक ओलांडल्यावर गाडी दोन-तीन वेळा डुलत राहते.
- ब्रेक दाबल्यावर पुढचा भाग नेहमीपेक्षा जास्त खाली झुकतो.
- महामार्गावर बाजूने ट्रक गेला किंवा लेन बदलली की गाडी तरंगल्यासारखी वाटते.
- टायरवर हात फिरवल्यास ठरावीक अंतरावर खोलगट झीज जाणवते.
- शॉकअपच्या नळीवरून तेल ओघळलेलं दिसतं.

नळीवर नुसता तेलकट, धुळीचा पातळ थर असेल तर लगेच घाबरू नका. ओघळ किंवा थेंब दिसत असतील तर मात्र ऑइल सील गेलं आहे. बॉनेटचा कोपरा दाबून सोडण्याची जुनी चाचणी पूर्ण निकामी शॉकअप पकडते, अर्धवट कमजोर झालेला नाही. त्या चाचणीत गाडी पास झाली म्हणून निश्चिंत राहू नका.

प्रत्येक खडखड शॉकअपचीच नसते

लहान खड्ड्यांतून जाताना होणारा खडखडाट अनेकदा स्टॅबिलायझर बारच्या लिंकमुळे किंवा झिजलेल्या बुशमुळे असतो. स्टिअरिंग फिरवताना वरून कटकट येत असेल तर स्ट्रटचं वरचं माउंट किंवा त्याचं बेअरिंग तपासायला हवं. हे भाग शॉकअपपेक्षा बरेच स्वस्त असतात. गाडी मागून कायमची बसली असेल तर दोष बहुधा स्प्रिंगचा असतो. म्हणून गाडी लिफ्टवर घेऊन, सैल भाग हलवून दाखवायला सांगा आणि मगच पैसे खर्च करा.

बदलताना काय लक्षात ठेवायचं?

एक, शॉकअप जोडीने बदला. पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही. एका बाजूला नवा आणि दुसरीकडे जुना असेल तर जोरात ब्रेक लावल्यावर किंवा वळणावर दोन्ही बाजू वेगवेगळ्या वागतात.

दोन, स्ट्रट उघडलाच आहे तर वरचं माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप आणि धुळीचं रबरी आवरण तपासून घ्या. ते खराब असतील तर त्याच वेळी बदला. नंतर पुन्हा तीच मजुरी द्यावी लागेल.

तीन, स्ट्रटवरची स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते. ती स्प्रिंग कॉम्प्रेसरने नीट आवळल्याशिवाय मधला मोठा नट सोडला तर स्प्रिंग उसळून जीवघेणी इजा होऊ शकते. व्हिडिओ पाहून घरी करण्याचं हे काम नाही.

चार, रबरी बुश असलेले बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळायचे असतात. चाकं लटकत असताना आवळले तर बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

पाच, पुढचे स्ट्रट बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्या. ती टाळली तर नवे टायरही एका कडेने झिजतात.

तेल भरून किंवा रबर बसवून चालेल का?

कारचे बहुतेक शॉकअप सीलबंद असतात. ते उघडून तेल भरले तरी आतला झिजलेला व्हॉल्व्ह आणि पिस्टन तसाच राहतो. स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये बसवायचे रबरी बफर गाडी थोडी उंच करतात, पण उसळी थांबवत नाहीत. कंपनीच्या भागांखेरीज नामांकित उत्पादकांचे शॉकअपही चालतात. १९६१ साली मुंबईच्या मुलुंडमध्ये सुरू झालेली गॅब्रिएल इंडिया त्यांपैकीच एक. पार्ट नंबर तुमच्या मॉडेलचा आहे का ते पाहा आणि पक्कं बिल घ्या.

किती किलोमीटरनंतर?

ठरावीक आकडा नाही. काही उत्पादक ८० हजार किलोमीटरच्या सुमारास तपासणी सुचवतात. खराब रस्ते आणि भरलेली गाडी असेल तर ही वेळ आधीच येते. त्यामुळे पावसाळा संपल्यावर, रस्त्यांनी गाडीची परीक्षा घेऊन झाल्यावर, एकदा तपासणी करून घ्या. लांबच्या प्रवासाला निघायच्या आधी तर नक्कीच.